शेकापचा मतदार गेला कुठे, आणि तो परत कसा येईल?

खारेपाटकर (धागा)

शेतकरी कामगार पक्षाबद्दल लिहायचंय, लांबण लागेल, आधीच सांगतो. २०२४ च्या विधानसभेत पक्षाचा अख्ख्या राज्यात एकच आमदार आला, तोही सांगोल्यातनं. ज्या रायगडला आपण बालेकिल्ला बालेकिल्ला म्हणत आलो तिथे शून्य. अलिबाग गेलं, पेण गेलं, पनवेल गेलं, उरण थोडक्यात गेलं. २०१४ ला अलिबाग आणि पेण दोन्ही पक्षाकडे होते, म्हणजे दहा वर्षांत हे सगळं झालं. पेणचे माजी आमदार भाजपात जाऊन राज्यसभेवर पोचले, २०२५ मध्ये अलिबागचे माजी आमदार पण तिकडेच गेले.

आमच्या घरात तीन पिढ्या लाल बावटा. आजीला लिहितावाचता येत नव्हतं पण निशाणी खटारा एवढं पक्कं माहीत होतं. त्यामुळे हे तटस्थपणे लिहिणं मला जमणार नाही आणि जमवायचंही नाही. पक्ष टिकायला हवा असं मनापासून वाटतं म्हणून लिहितोय.

दरवेळी चर्चा एकाच जागी येऊन थांबते की आघाडी नीट झाली नाही, मित्रपक्षांनी दगा दिला, पैसा वाटला. असेलही. उरणला भाजपचे महेश बालदी साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी आले आणि तिथे शेकाप आणि ठाकरेंची सेना दोघांचेही उमेदवार उभे होते, दोघांच्या मतांची बेरीज केली तर कुणालाही कळतं काय झालं. पण अलिबागचं काय? तिथे तर भाजपचा बंडखोर उभा होता, समोरची मतं फुटली होती, तरी आपण जवळपास तीस हजारांनी पडलो. तिथे आघाडीकडे बोट दाखवता येत नाही.

माझं म्हणणं असं आहे की मतदार विचार सोडून गेलेला नाही, त्याची जमीन गेली, आणि जमीन गेल्यावर तो काय झाला हे पक्षाने कधी बघितलंच नाही. हा पक्ष इथे रुजला कशामुळे? १९३३ ला अलिबागजवळच्या चरीचा संप सुरू झाला, नारायण नागू पाटील पुढे होते, पंचवीस गावच्या कुळांनी खोताची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि ते १९३९ पर्यंत रेटलं, सहा वर्षं. शेत समोर आहे आणि नांगर घालायचा नाही, लाकडं तोडून विकायची, मिळेल ते खायचं. बाबासाहेब आंबेडकर स्वतः चरीला येऊन गेले होते. त्यातनं कुळाला कायद्याचं संरक्षण मिळायची वाट सुरू झाली. पक्ष निघाला १९४७ ला, पण आमच्याकडच्या माणसाला पक्ष म्हणजे काय ते आधीच कळलेलं होतं, की सातबाऱ्यावर आपलं नाव लागलं ते यांच्यामुळे.

मग नवी मुंबईसाठी जमिनी घ्यायला सिडको आली, विरोधात आपले दि. बा. पाटील उभे राहिले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघर-पागोटे भागात गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्यातनं पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. मग पेण-पनवेल-उरणचं सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) आलं, एन. डी. पाटील सर त्या वयात गावोगाव फिरले, २००८ च्या सप्टेंबरमध्ये पेणच्या बावीस गावांत जनमत घेतलं गेलं आणि शेवटी ते सेझ झालं नाही. तीन पिढ्यांत तीन लढे आणि तिन्ही जमिनीचे.

आता आजचं बघा. ज्यांच्या आजोबांनी संप केला त्यांचे नातू कंपनीच्या गेटवर आठ तास, बारा तास उभे आहेत, कंत्राटी. मांडवा, आवास, किहीम पट्ट्यात जमिनी मुंबईवाल्यांना गेल्या, त्याच जमिनीवरच्या बंगल्यात गावचा पोरगा केअरटेकर. या पोराला पक्ष काय देतो? त्याचा पगार वेळेवर होत नाही, पीएफ कापला जातो पण भरला जातो की नाही ते त्याला माहीत नाही, आणि तो तक्रार कुणाकडे करणार, कारण बऱ्याच गावांत लेबर कॉन्ट्रॅक्टर हाच गावचा पुढारी असतो, कधी या पक्षाचा कधी त्या पक्षाचा आणि स्पष्ट बोलायचं तर बरीच वर्षं आपल्याच पक्षाचा. तिथे आपण मतदार गमावला. ज्या दिवशी कामगाराची हजेरी मांडणारा आणि पक्षाचं बूथ सांभाळणारा एकच माणूस झाला त्या दिवशी त्या कामगाराच्या बाजूचं कुणी उरलं नाही.

तर माझं मत, पक्षाने निवडणुकीचं गणित वर्षभर बाजूला ठेवावं आणि दोनच कामं धरावीत. एक म्हणजे कंत्राटी कामगारांची संघटना, खरी, गेटवरची. दुसरं म्हणजे तिसऱ्या मुंबईत, म्हणजे सरकारच्या नियोजित नव्या शहरात, गेलेली उरण-पनवेल-पेणची १२४ गावं. बाकीचं नंतर. आपल्याला काय वाटतं? खास करून जे पक्ष सोडून गेले किंवा ज्यांनी कधीच मत दिलं नाही त्यांनी लिहावं.

---

माणदेशी

खारेपाटकर दादा, सांगोल्यातनं लिहितोय. एक आमदार आला म्हणालात तो आमचा. त्यावर थोडं बोलतो कारण बाहेरच्यांना वाटतं आबासाहेबांच्या, म्हणजे गणपतराव देशमुखांच्या, पुण्याईवर नातू निवडून आला. तसं असतं तर २०१९ लाच आला असता, तेव्हा आबासाहेब हयात होते, त्यांनी स्वतः दुसऱ्या नातवाला उभं केलं होतं आणि तरी आम्ही हजाराच्या आतनं पडलो.

गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले हे सगळ्यांना पाठ आहे, एसटीने जायचे हेही सगळे सांगतात. पण नुसत्या साधेपणाला मत मिळत नाही हो. दुष्काळी तालुका, तिथे सूतगिरणी काढली आणि ती चालवून दाखवली. पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींबरोबर पाणी परिषदा वर्षानुवर्षं घेतल्या, आटपाडीला, दरवर्षी न चुकता, टेंभू म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आमच्या माणसाला आकड्यांसकट पाठ आहे, किती टीएमसी कुठे अडलंय, कुठला पोटकालवा अर्धवट आहे, कारण तीस वर्षं तो ते परिषदेत ऐकत आला. माणूस निवडणुकीपुरता आला नाही, पाण्यापुरता येत राहिला.

२०१९ ला पडल्यावर २०२१ ला आबासाहेब गेले. त्यानंतर लोकांना वाटलं संपलं. पण पोरं गावात फिरत राहिली, लग्न-मयत-जनावरांचा दवाखाना सगळीकडे. २०२४ ला पंचवीस हजारांवर लीड मिळालं.

---

पनवेल_जुने

माणदेशी, सांगोल्यात तिरंगी लढत झाली हे पण लिहा की. ठाकरेंच्या सेनेचा उमेदवार वेगळा होता, समोरच्यांची अडचण झाली. आणि सांगोल्यात शेतकरी अजून शेतकरी आहे. आमच्याकडे शेतकरीच उरला नाही, तुम्ही कुणाचा पक्ष चालवणार?

पनवेल महापालिका झाली २०१६ ला, पहिली निवडणूक २०१७, ७८ पैकी ५१ भाजप, शेकाप २३. ते २३ कुठले बघा, जास्त करून जुनी गावं आणि गावठाणं. खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या टॉवरमध्ये जो राहतो तो साताऱ्याचा, जळगावचा, उत्तर भारतातला, त्याला चरी कुठे आहे माहीत नाही आणि जासईला गोळीबार झाला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. आता पनवेल मतदारसंघात हा मतदार गावकऱ्यांच्या कितीतरी पट आहे. मी चाळीस वर्षं पक्षाला मत दिलं, कडू वाटेल पण सांगतो, डाव्या पक्षाची जमीन इथे संपली.

---

कामोठे_से१८

पनवेल_जुने काका, मीच तो साताऱ्याचा. आणि मला तुमचं पटलं नाही.

आम्ही इथे येऊन चौदा-पंधरा वर्षं झाली. पाण्याचा टँकर आम्ही विकत घेतो. सिडकोला सेवाशुल्क भरलं आणि वर महापालिकेचा मालमत्ता कर मागच्या वर्षांपासूनचा एकदम लावला, त्यावर केवढं मोठं आंदोलन झालं आमच्याकडे, सोसायट्या-सोसायट्यांत मीटिंगा झाल्या. त्या मीटिंगांना मी गेलोय. शेकापचे लोक विरोधात बोलत होते, खोटं नाही बोलणार, निवेदनं दिली, मोर्चे काढले. पण सोसायटीच्या हॉलमध्ये बसून बिल हातात घेऊन हा आकडा कसा आला, हरकत कशी घ्यायची, कोर्टात काय चाललंय हे समजावून सांगणारी माणसं वेगळीच होती, ती कुठल्याच जुन्या पक्षाची नव्हती. आम्ही त्यांच्यामागे गेलो. कुणी डावा उजवा बघितला नाही.

मी खाजगी कंपनीत आहे, तीन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर. माझ्या मजल्यावरच्या चार घरांत तीन माणसं अशीच आहेत. नोकरी कधी जाईल माहीत नाही, घराचा हप्ता मात्र वीस वर्षांचा. आम्हाला कामगार म्हणवून घ्यायची सवय नाही एवढंच, बाकी परिस्थिती खारेपाटकरांनी लिहिलेल्या गेटवरच्या पोराचीच आहे. आमच्याशी कुणी त्या भाषेत बोललंच नाही. सभेत येतात, "भूमिपुत्रांचा पक्ष" म्हणतात, आणि मी उठून घरी येतो, कारण त्यात मी कुठे बसतो ते मला कळत नाही.

---

खारेपाटकर

कामोठे_से१८, हा प्रतिसाद पक्षाच्या ऑफिसात प्रिंट काढून लावावा असा आहे. भूमिपुत्र हा शब्द आमच्यासाठी रक्ताचा आहे, तो सुटणार नाही, सुटूही नये, प्रकल्पग्रस्ताचा प्रश्न आजही जिवंत आहे, गावकऱ्यांनी गरजेपोटी बांधलेल्या घरांचं अजून भिजत घोंगडं आहे. पण टँकरचं पाणी गावठाणातला पण विकत घेतो आणि टॉवरमधला पण. या दोघांना एकत्र बसवणारा पक्ष हवा, आणि नावात कामगार असलेल्या पक्षालाच ते शोभेल.

पनवेल_जुने काका, तुमचा राग कळतो. पण तुम्ही जो आकडा दिला तो उलटा पण वाचता येतो. २०२४ ला पनवेलला पडलो तरी आपल्या बाळाराम पाटलांना सव्वा लाखाच्या वर मतं होती. ती सगळी गावठाणातली नाहीत.

---

डहाणू_लोकल

मी माकपवाला, त्यामुळे तुमच्या घरात बोलतोय, चालेल ना? आमच्याकडचा अनुभव सांगतो कारण राज्यात डाव्यांचा एक आमदार सांगोल्यात आणि दुसरा आमच्या डहाणूत, एवढाच काय तो हिशोब उरलाय.

डहाणूत विनोद निकोले २०१९ ला आले आणि २०२४ ला परत आले, दोन्ही वेळा लीड पाच हजारांच्या आसपास, म्हणजे काठावरच. तलासरी-डहाणूत १९४५ च्या वारली उठावापासून लाल बावटा आहे हे खरं, गोदावरी परुळेकरांचं नाव अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहे. पण आज मत मिळतं ते वनपट्ट्यांवर. वनहक्काचा दावा भरायचा म्हणजे काय काम असतं माहीत आहे का, माणसाच्या ताब्यात किती जमीन, कधीपासून, पुरावा काय, गावातल्या वयस्कर माणसाचा जबाब, ग्रामसभेचा ठराव, मोजणी, मग दावा अपात्र ठरला की अपील. हे एकेका माणसाचं दहा-दहा वर्षं चालतं. किसान सभेची, म्हणजे आमच्या शेतकरी संघटनेची, पोरं ते कागद सांभाळतात. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकवरून मुंबईला जो मोर्चा चालत आला, तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पायाचे फोड बघितले, त्यातल्या बहुतेकांच्या पिशवीत वनपट्ट्याचे कागद होते.

दुसरं, सभासद पावती. दरवर्षी किसान सभेची पावती फाडायची, पैसे किरकोळ असतात पण माणूस दारात येतो आणि विचारतो काय अडलंय. निवडणूक असो नसो.

पण मी फुशारकी मारणार नाही कारण आमच्याच सोलापूरचं उदाहरण समोर आहे. आमच्या नरसय्या आडम मास्तरांनी विडी कामगारांना दहा हजार घरं मिळवून दिली, मग कुंभारीला तीस हजार घरांची रे नगर वसाहत उभी केली, २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान चाव्या द्यायला आले. एवढं काम महाराष्ट्रात कुठल्या पक्षाने केलंय दाखवा. आणि त्याच वर्षी विधानसभेला मास्तर शहर मध्यमधून पडले, आणि काठावर नाही, बरेच मागे राहिले. म्हणजे काम केलं की मत मिळतं हे पण इतकं सरळ नाही.

---

माणदेशी

डहाणू_लोकल, सोलापूर आमच्या जिल्ह्यातलं, म्हणून सांगतो. घरं शहराबाहेर, मतदारसंघ शहरात. शिवाय मतदान धर्मावर फाटलं की दोन्हीकडचा विडी कामगार आपापल्या बाजूला जातो, मास्तर मध्ये राहतात. आणि चावी पंतप्रधानांच्या हातून मिळाली की श्रेय कुणाला जाणार? घर मिळाल्यावर संघटना कशी टिकवायची हा प्रश्न आहे. मागणी असते तोपर्यंत माणूस मोर्चात येतो, मागणी पुरी झाली की त्याला पक्षाची रोजची गरज उरत नाही. सूतगिरणी, पाणी यांचं तसं नाही, ते दर हंगामाला लागतं.

---

सुलभा_पेण

सगळे पुरुष बोलतायत म्हणून लिहिते. माहेर वडखळकडे, सासर पेण. दोन्ही घरं शेकापची.

२०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण सुरू झाली. आमच्या गावातल्या बायका फॉर्म भरायला रांगेत होत्या, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार लिंक, कुणाचं नाव माहेरचं कुणाचं सासरचं, बँकेचं खातं बंद पडलेलं. अंगणवाडीताई बिचारी रात्री अकरापर्यंत बसायची. समोरच्या पक्षाची पोरं टेबल टाकून, मोबाईल घेऊन फॉर्म भरून देत होती. आपल्या पक्षाचे कार्यकर्ते काय म्हणत होते, ही लाच आहे, मतं विकत घ्यायचा धंदा आहे. असेल. पण माझ्या जावेला दीड हजार रुपये म्हणजे गॅस आणि पोराची बसची भाडी, तिला तुम्ही लाच घेतेस म्हणालात ना तिच्या तोंडावर. ती तुम्हाला मत देईल?

तेव्हा टेबल आपण टाकायला पाहिजे होतं. पैसे सरकारचे आहेत, कुणाच्या खिशातले नाहीत, आणि शेकापने रोजगार हमी आपलीच म्हणून इतकी वर्षं सांगितली मग ही योजना पण बाईचा हक्क म्हणून तिच्या पदरात नीट पडते की नाही बघायचं होतं. नंतर कितीतरी बायकांची नावं कमी झाली, पडताळणीत गेली, तेव्हा तरी कोण आलं?

आणि अजून एक. मीटिंगला बायका मागे, सतरंजीवर. पुढे खुर्च्यांवर पुरुष. सत्कार झाला की एका बाईला हार घालायला बोलावतात. चरीच्या संपात सहा वर्षं घर कुणी चालवलं? लाकडाच्या मोळ्या कुणी विकल्या?

---

चौल_वरचे

+१ सुलभाताई. शब्दन् शब्द.

---

रोहा_एमआयडीसी

कंत्राटी कामगार संघटनेवर लिहितो कारण मी स्वतः कंत्राटी आहे, केमिकल प्लांटमध्ये, नाव लिहीत नाही. खारेपाटकर साहेब, ऐकायला चांगलं वाटतं पण तुम्हाला कल्पना नाही किती अवघड आहे. अकरा महिने झाले की कॉन्ट्रॅक्टरचं नाव बदलतं, माणूस तोच, मशीन तेच, गेटपास नवा. जो बोलला त्याचा नवीन गेटपास निघत नाही. काढून टाकत नाहीत, पास निघत नाही, बस. मग तो कुणाकडे जाणार, कागदावर तो नोकरीलाच नव्हता.

मागे एक युनियन आली होती, कुठली ते जाऊदे. बोर्ड लावला, नारळ फोडला, कायम कामगारांचा करार केला आणि निघून गेली. आमच्यासाठी एक ओळ नाही करारात. कायमवाले हाताच्या बोटावर मोजण्याइतके, आम्ही शेकड्याने.

संघटना करायची असेल तर पहिल्या दिवशी बोर्ड लावू नका. आधी पोरांचा पीएफ बघा. मोबाईलवर बघता येतं पण अर्ध्या पोरांचा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर चालू नाही, आधारवर नाव एक, कंपनीत एक. ते दुरुस्त करून द्या. अपघात झाला तर ईएसआयसीच्या (कामगार विम्याच्या) कार्डावर दवाखाना मिळतो का ते बघा. माझ्या बरोबरच्याला हाताला ॲसिड लागलं, कार्ड निघालेलंच नव्हतं, कापून मात्र घेत होते. त्या रात्री गाडी करून त्याला घेऊन जाणारा माणूस जो असेल तोच आमचा पुढारी.

---

खारेपाटकर

रोहा_एमआयडीसी भाऊ, तुम्ही लिहिलंत ते माझ्या धाग्यापेक्षा कामाचं आहे. बोर्ड नंतर, पीएफ आधी, हे मला शंभर टक्के पटलं. आणि यात एक अट मी घालेन, जो माणूस लेबर पुरवतो तो पक्षाच्या कुठल्याही पदावर नको. तालुका चिटणीस असो की बूथप्रमुख. यात पक्षाची काही माणसं जातील. जाऊद्यात. अशी माणसं तशीही सत्ता बघून जातातच, १९५० च्या दशकात केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे हे खुद्द संस्थापक काँग्रेसमध्ये गेले होते, यशवंतरावांचं बेरजेचं राजकारण तेव्हापासून आपल्यातनं वजा करत आलंय. तरीही रायगड टिकलं, कारण इथे खालचा माणूस हलला नव्हता.

हे पण लिहितो, कुणाला राग आला तरी. रायगड लोकसभेला २०१४ मध्ये आपण तटकरेंच्या विरोधात उमेदवार दिला, २०१९ ला तटकरेंसाठी फिरलो, २०२४ ला गीतेंसाठी फिरलो, म्हणजे परत तटकरेंच्या विरोधात. प्रत्येक वेळी वरच्यांकडे कारण होतं. पण गावात जो कार्यकर्ता दारोदार गेला त्याला दर पाच वर्षांनी त्याच घरात उलटं सांगायला लागलं. एकदा सांगेल, दोनदा सांगेल, तिसऱ्यांदा तो घराबाहेरच पडत नाही.

---

पनवेल_जुने

हे मात्र मान्य. आणि घराण्याबद्दल कोण बोलणार? उमेदवारी, बँक, शिक्षणसंस्था, सगळं ठरावीक आडनावांत. मी कुणाच्या वाईटावर नाही, त्या घरांनी केलंही खूप. पण तिशीतला हुशार पोरगा पक्षात येऊन बघतो की वर जायचा जिना बंद आहे, तो दुसरीकडे जातो. दि. बां.सारखा माणूस, पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, शेवटी १९९९ ला शिवसेनेत गेला. एवढ्या मोठ्या माणसाला पक्ष धरून ठेवू शकला नाही, यावर पक्षात मोकळेपणाने कधी चर्चा झाली का? २०२१ च्या जूनमध्ये नवी मुंबई विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून मानवी साखळी झाली, सिडकोला घेराव झाला, माझं वय झालंय तरी मी गेलो होतो. एवढी माणसं मी १९८४ नंतर पहिल्यांदा बघितली. सगळ्या पक्षांचे झेंडे बाजूला ठेवून आली होती. आणि दि. बां.चं बहुतेक राजकारण ज्या पक्षात गेलं, त्याच्याकडे त्यातला एक तरुण आला का?

---

डहाणू_लोकल

काका, हा प्रश्न मोलाचा आहे. पण सर्वपक्षीय समितीत गेलं की असं होतंच. समिती हवी, पण समितीच्या आत आपलं वेगळं काम हवं, नाहीतर गर्दी आपली आणि संघटना कुणाचीच नाही.

---

सुलभा_पेण

१२४ गावांचं बोला ना कुणीतरी. धाग्यात लिहिलंत आणि सगळे विसरलात. आमच्या भागात लोक घाबरलेत. कुणी म्हणतं रोख मिळणार, कुणी म्हणतं भूखंड, कुणी टीडीआर म्हणतं, टीडीआर म्हणजे काय ते सांगणारा एजंटच आहे आणि तोच जमीन पण घेतोय. हरकती घेतल्या तेव्हा छापील फॉर्मवर सह्या घेतल्या, कशावर सही केली ते विचारा, निम्म्यांना सांगता येणार नाही.

आणि खारबंदिस्तीचं, समुद्राचं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधांचं बघा. पूर्वी बांधाला खांड, म्हणजे भगदाड गेलं की गावात दवंडी, घरटी एक माणूस, उधाणाच्या आत चिखल-पेंढा टाकून बांध धरायचे, आणि खारभूमीच्या ऑफिसात अर्ज घेऊन पक्षाचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. आता खांड जाते, फोटो व्हॉट्सॲपवर येतो, उघाडी (पाणी सोडायची झडप) मोडकी ती मोडकीच, खारं पाणी दोन-तीन उधाणं आत येतं आणि शेत गेलं. मग एजंट येतो, म्हणतो पिकत नाही ना, विका. जमीन अशी जातेय. प्रकल्प यायच्या आधीच जातेय.

---

खारेपाटकर

सुलभाताई, हे तुम्ही एकदम नेमकं पकडलंत. बांध फुटू द्यायचा, शेत नापीक होऊ द्यायचं, मग स्वस्तात घ्यायचं, हे आमच्या शहापूर-धेरंड बाजूलाही लोक वर्षानुवर्षं भोगतायत. मी म्हणतो पक्षाने पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक खारबांधाची यादी करावी, कुठे कमकुवत, कुठली उघाडी मोडलीय, शेवटची दुरुस्ती कधी, आणि ती यादी गावात लावावी. आमदार लागत नाही याला. चार पोरं आणि एक मोटारसायकल लागते.

१२४ गावांबद्दल पण तसंच. आधी गावागावात सातबारा वाचन. कुणाच्या नावावर किती, वारस नोंद झालीय का, बहिणींची नावं आहेत का, इतर हक्कात कुणाची नोंद आहे. सिडकोच्या वेळी वारसांच्या भांडणात कितीतरी घरांचे साडेबारा टक्के वर्षानुवर्षं अडकले, बहीण-भावांत बोलणं बंद झालं. ते परत व्हायला नको. वकील लागतील, निवृत्त तलाठी लागतील, पक्षाकडे अशी माणसं अजून आहेत, घरी बसलीयत कारण त्यांना कुणी बोलावत नाही.

---

कामोठे_से१८

यात आम्हाला पण घ्या. आमच्या सोसायटीत दोन रिटायर्ड माणसं महसूल खात्यातली आहेत, एक बाई पीएफ ऑफिसमधून निवृत्त झाल्यात. रोह्याच्या दादांनी यूएएनचं लिहिलं ते त्या बाई अर्ध्या तासात शिकवतील. शनिवार-रविवार येऊ शकतात, मी त्यांच्याशी बोललो आजच, तयार आहेत. फक्त व्यासपीठ, हार, भाषण नको म्हणाल्या.

---

रोहा_एमआयडीसी

ताईंना म्हणावं रविवारी नको, आमची शिफ्ट असते, सोमवारी प्लांटला सुट्टी. गावच्या शाळेत नको, तिथे कॉन्ट्रॅक्टरची माणसं बघतात. माझ्या मामाच्या घरी अंगण आहे, वीसेक पोरं बसतील. आधार कार्ड आणि पगाराची चिठ्ठी असेल ती आणायला सांगतो. ज्यांच्याकडे चिठ्ठीच नाही त्यांचं काय करायचं ते तेवढं विचारून ठेवा.

---

सुलभा_पेण

पोरांच्या बायकांना पण बोलवा. पगार किती येतो आणि किती कापला जातो हे घरात त्यांनाच माहीत असतं. मी येते वडखळवरून, अजून दोघी येतील.